उप-खजिनदाराची रजा

सोमवार, ७ मे १९७३

आज साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, पुन्हा टाइपरायटरच्या फितींची तक्रार असेल. हॅनरॅटीसाहेब खिडकीपाशी उभे होते.

"मिस गिलफॉइल, डिसेंबरात आपण इथून हलणार. कालव्यापलीकडची ती काचेची पेटी होत आलीय बांधून."

"हो, साहेब."

"जायच्या आधी या कचेरीचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवायला हवा. बारा पानं पुरे. तुमच्याइतकं जुनं इथं दुसरं कोण आहे?"

"जिना आहे, साहेब."

ते हसले, पण काम गळ्यात पडायचं ते पडलंच. सरकारी पैशांचं वाटप करणारी आमची ही कचेरी डब्लिनच्या कॅसलच्या आवारात मी आले तेव्हापासून आहे, आणि मला येऊन एकेचाळीस वर्षं झाली. पण तिच्याही आधी इथं आयर्लंडच्या उप-खजिनदाराचं कार्यालय होतं. आमचा खजिना तेव्हा वेगळा होता. दीडशेएक वर्षांपूर्वी तो लंडनच्या खजिन्यात मिसळला आणि ते पदही मोडीत निघालं. मला ठाऊक आहे ते एवढंच. हे अर्ध्या पानात संपतं.

घरी बर्नीला सांगितलं. बर्नी माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "बरंय. तुला एकदाचं कचेरीशीच लग्न लावून टाकतायत."

शनिवार, १२ मे

इतिहास लिहायचा कशावरून? कागद तर बावीस साली जळले. मी नऊ वर्षांची होते. दप्तरखान्याला आग लागली त्या दिवशी आकाशातून जळके कपटे पडत होते, अगदी आमच्या शाळेच्या अंगणातसुद्धा. सातशे वर्षांचा कागद तो. आम्ही मुली एप्रन पसरून ते झेलत होतो. सिस्टर बेनिग्नांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "जे वाचता येतंय ते वहीत ठेवा. कुणाचं तरी आहे ते." माझ्या कपट्यावर एक नाव होतं आणि त्यापुढे "हजर" एवढंच. तो कपटा पुष्कळ वर्षं माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होता, मग भुगा होऊन गेला.

सिस्टरांचं अक्षर किती सुरेख होतं. त्यांच्या तळहातांना खडूचा वास यायचा.

गुरुवार, १७ मे

घबाड हाती लागलं. आमचा शिपाई स्कली तळघरातून एक बांधीव वही आणि सुट्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आला. आग लागली तेव्हा हे म्हणे बाइंडरकडे गेलेलं होतं, म्हणून वाचलं.

"मिस, यात उंदरांचा वाटा वजा करून जे उरलंय ते तुमचं," स्कली म्हणाला.

वही टिस्डल नावाच्या माणसाची आहे. हा नायब. खरा उप-खजिनदार एक लॉर्ड होता, आणि तो राहायचा इंग्लंडात. पद तहहयात. चौतीस वर्षं त्यानं ते भोगलं आणि डब्लिनला एकदाही पाऊल टाकलं नाही. काम सगळं टिस्डलनं केलं. लॉर्डसाहेब दरवर्षी फक्त रजेचं पत्र पाठवायचे. एका वर्षी पायाला वातरक्त, एका वर्षी समुद्र खवळलेला, एका वर्षी मुलीचं लग्न. आणि टिस्डल वहीत लिहायचा : "उप-खजिनदार रजेवर. नाव कायम."

वाचून माझा संताप झाला. एवढा मोठा हुद्दा आणि एवढी बेपर्वाई. पण टिस्डलचं अक्षर मला आवडलं. नीटनेटकं, दोन ओळींत सारखं अंतर.

रजेच्या पत्रांची वेगळी फाईल केली. लाल फीत बांधली.

बुधवार, २३ मे

डर्व्हला लॉफ्टसचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच गावाकडचा, मेयोचा, डोनल रुआन. इथं डब्लिनमध्ये सुतारकाम करतो. सोळा जूनला लग्न.

मुली तिच्याभोवती गोळा झाल्या आणि मी माझं टेबल आवरत बसले. डर्व्हला तेवीस वर्षांची आहे. परीक्षेत आख्ख्या जिल्ह्यात पहिली आली होती. आस्थापनेच्या कामात तिच्याइतकं चटपटीत पोर मी पाहिलं नाही. माझ्यानंतर हे टेबल तिनंच सांभाळावं असं माझ्या मनात होतं, हे मी कुणाला बोललेले नाही.

पण नियम नियम आहे. सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की राजीनामा द्यायचा. एकेचाळीस वर्षांत असे किती राजीनामे मी माझ्या हातानं आवक-जावकच्या बारनिशीत चढवले, शिक्का मारला, साहेबांपुढे ठेवले. नंतर मुलीला एखादं घड्याळ नाहीतर चहाचा सेट द्यायचा, टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी.

दुपारी ती आली आणि माझ्या टेबलाच्या कडेला टेकली. "मिस गिलफॉइल, तो कायदा बदलणार म्हणतात, खरं का?"

"म्हणतात खरं. उन्हाळ्यानंतर, असं युनियनवाले म्हणतात."

"उन्हाळ्यानंतर," ती म्हणाली. मग उठून आपल्या टेबलाकडे गेली.

शुक्रवार, १ जून

डर्व्हलाला विचारलं, लग्न चार महिने पुढे ढकलता येत नाही का. आपण विचारायला नको होतं, पण विचारलं.

ती म्हणाली, "डोनलची आई आजारी आहे. डॉक्टर म्हणतात, जुलै निघाला तर निघाला. तिला लग्न बघायचंय. मी तिला काय सांगू, माझी पेन्शन वाचेपर्यंत थांबा?"

कायदा येण्याआधी ज्या गेल्या त्या गेल्या, त्यांना परत घेणार नाहीत, असंही ऐकलं. म्हणजे चार महिन्यांनी हिचं नशीब हुकणार.

बर्नी रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "एवढं मनाला का लावून घेतेस? तुझी कोण लागते ती?"

"कोणी नाही."

"मग मीठ तरी घाल त्या कोबीत. दोनदा विसरलीस."

शुक्रवार, ८ जून

आज डर्व्हलाचा शेवटचा दिवस. सकाळी तिनं राजीनामा माझ्या हातात दिला. चार ओळी. "विवाहानिमित्त..." अशी सुरुवात. हा मजकूर मीच मुलींना सांगते, मला तो पाठ आहे. शेवटच्या ओळीत तिची शाई थोडी पसरली होती.

मी पत्र घेऊन बारनिशीकडे निघाले. तेवढ्यात मुलींनी केक कापायला हाका मारल्या. टेबलावर सगळा इतिहास पसरलेला. पत्र नीट ठेवलं आणि गेले.

चहाचा सेट दिला, निळ्या काठाचा. साहेब चार शब्द बोलले. स्कली म्हणाला, "मिस लॉफ्टस, नवरा त्रास द्यायला लागला तर कळवा, त्याला इथं आवक-जावकला बसवू. आठवड्यात सरळ होईल." सगळ्या हसल्या. डर्व्हलाही हसली आणि मग रडली. तिच्या तीन आठवड्यांच्या शिल्लक रजेचा अर्ज मी आधीच मंजूर करून घेतला होता, मुलीचं नुकसान नको.

घरी येताना बसमध्ये उगीचच युजीनची आठवण आली. एकेचाळीस साल. ही तीच बस. त्यानं लग्नाचं विचारलं होतं आणि मी आठ दिवस मागून घेतले होते. आईचं औषधपाणी, बर्नीची शाळा, दोन्ही माझ्या पगारावर. नवव्या दिवशी मी त्याला नाही म्हटलं. तो कॉव्हेंट्रीला गेला. आता त्याचं काय.

रविवार, १७ जून

काल लग्न झालं. साहेबांची सासुरवाडी तिकडचीच, म्हणून त्यांनी मला आणि बर्नीला गाडीतून नेलं. डोनलच्या आईला खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणलं होतं. शाल पांघरलेली, अंगात काही उरलेलं नाही, पण डोळे असे की पाहत राहावं. तिनं माझा हात धरला. "तुम्हीच ना त्या कचेरीतल्या बाई? माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली."

"असं मनात आणू नका," मी म्हटलं.

नंतर हॉटेलात हॅनरॅटीसाहेब डर्व्हलाबरोबर नाचले. एवढा जाडजूड माणूस, पण पावलं हलकी. बर्नीही नाचली. मी हॅम आणि सॅलड खाल्लं.

सोमवार, २ जुलै

डर्व्हलाची शिल्लक रजा शुक्रवारी संपली. आजपासून हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे "बिनपगारी रजा" लिहिलं. राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश हातात आल्याशिवाय नाव खोडता येत नाही. पत्र साहेबांकडे पडलेलं असणार. त्यांचं टेबल म्हणजे गवताची गंजी.

इतिहासाची सात पानं झाली. टिस्डलवरचा माझा राग गेलाय. वाचता वाचता कळलं की लॉर्डसाहेबांचं नाव वहीत होतं तोवरच टिस्डलची खुर्ची होती. नायब त्याच्या मालकाबरोबर जायचा. म्हणून तो बिचारा दरवर्षी तेवढ्या काळजीनं लिहायचा : "नाव कायम." चार मुलं होती त्याला.

मंगळवार, १० जुलै

मेयोहून डर्व्हलाचं पत्र. सासूची शुश्रूषा करायला ती तिकडेच थांबली आहे, डोनल शनिवार-रविवार जातो. गावात एका बेकन कारखान्यात कारकुनाची जागा आहे, पण ते आमच्या कचेरीचा कार्यमुक्तीचा दाखला मागतात. "महिना झाला, मिस गिलफॉइल. तुमच्या हातून उशीर होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून काळजी वाटते. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे."

चांगली जागा नाही ती. डुकरांच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहायच्या. पण जागा आहे, आणि माझ्यामुळे गेली तर? दिवसभर मनात तेच. दाखला द्यायचा तर आधी आदेश हवा. तिला उत्तर लिहिलं : "इथं सगळं सावकाश चालतं, तुला ठाऊकच आहे. मुदत संपेपर्यंत त्यांना होकार देऊ नकोस." शेवटचं वाक्य का लिहिलं कोण जाणे. ताव संपवायचा म्हणून असेल.

दालमध्ये, म्हणजे आमच्या संसदेत, तो कायदा पुढे सरकतोय असं वर्तमानपत्रात आहे. अपेक्षेपेक्षा लवकर.

बुधवार, १८ जुलै

साहेबांना विचारलं, "डर्व्हलाचा कागद तुमच्याकडून अजून खाली आला नाही."

"माझ्याकडून?" त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं. मग पुसला आणि पुन्हा घातला. "हं. येईल की."

"तिच्या जागी माणूस मागवायचा?"

"कागद आल्याशिवाय कसा मागवणार? घाई करू नका. इतिहास कुठवर आला?"

साहेब अलीकडे विसरायला लागलेत. पूर्वी कागद दोन दिवस अडला की कचेरी डोक्यावर घ्यायचे.

बर्नीला हे सांगितलं तर ती चहा ढवळत थांबली. "फिल, तुमच्या त्या वेळच्या हेडक्लार्क कोण होत्या? एकेचाळीस साली?"

"मिस क्वर्क."

"त्या कधी कागद विसरायच्या?"

"मिस क्वर्क? त्यांच्या हातून टाचणी हरवली नाही कधी."

"तेच म्हणतेय मी," बर्नी म्हणाली आणि कप विसळायला गेली. तिच्या बोलण्यात कधीकधी कशाचा कशाला मेळ नसतो.

मंगळवार, ३१ जुलै

कायदा आज लागू झाला. अकरा वाजता परिपत्रक आलं. यापुढे लग्न झालं म्हणून कुणा बाईला जावं लागणार नाही. आधी राजीनामा देऊन गेलेल्यांना मात्र लागू नाही, विधवा सोडून.

मुलींनी टेबलं बडवली. मी परिपत्रक बारनिशीत चढवलं, शिक्का मारला. मग डर्व्हलाचं नाव डोक्यात आलं आणि जेवायला गेलेच नाही. तिचा कागद साहेबांच्या टेबलावर कुठंतरी आहे, तारीख आठ जून.

बुधवार, १ ऑगस्ट

कागद साहेबांच्या टेबलावर नव्हता.

इतिहासाचं शेवटचं पान लिहायला बसले. लॉर्डसाहेबांच्या रजांची तारीखवार यादी करायची होती, म्हणून रजेच्या पत्रांची फाईल सोडली. वातरक्त, खवळलेला समुद्र, मुलीचं लग्न, आणि त्याखाली "विवाहानिमित्त". डर्व्हलाची पसरलेली शाई. शिक्का नाही. बारनिशीचा क्रमांक नाही.

एकेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद गेलेला नाही. आणि ही फाईल मी जूनपासून दहा वेळा तरी उघडली असेल.

तोंडावर पाणी मारलं. स्कलीनं विचारलं, "मिस, बरं नाही का?" मी म्हटलं, उकडतंय. बाहेर पाऊस पडत होता.

गुरुवार, २ ऑगस्ट

उद्या महिन्याचा पहिला शुक्रवार, म्हणून आज पापनिवेदनाला गेले. फादरांना सगळं सांगितलं.

"बाई, तुम्ही ते मुद्दाम केलंत?"

"ठाऊक नाही, फादर."

"कुणाचं नुकसान झालं?"

"सरकारची एक पेनीही गेली नाही. तिची रजा बिनपगारी मांडली आहे."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मग ते म्हणाले, "मुद्दाम केलं की नाही हे ठाऊक झालं की मग या. तोवर एकदा 'नमो मरिये' म्हणा आणि वरिष्ठांना सांगा."

एकदाच. इतक्या कमी प्रायश्चित्तावर आजवर कधी सुटले नव्हते.

शुक्रवार, ३ ऑगस्ट

सकाळी साहेबांपुढे पत्र ठेवलं आणि उभी राहिले. बसा म्हणाले तरी बसले नाही. फाईल कुठं होती, केक, हाका, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. शिक्षा माझी व्हावी. पण आज शिक्का मारला तर तारीख आजची पडेल, आणि आठ जूनची घातली तर ते खोटं. मला दोन्ही जमत नाही."

त्यांनी पत्र वाचलं. दुसऱ्या बाजूला माझी इतिहासाची पानं होती, त्यांनी काल रात्री वाचायला घरी नेलेली.

"बारनिशीत आहे हे?"

"नाही."

"मग कचेरीला या मुलीच्या लग्नाची खबर नाही."

"साहेब, तुम्ही लग्नाला आला होतात. नाचलात तिच्याबरोबर."

"मी आलो होतो," साहेब म्हणाले. "कचेरी आली नव्हती. तिला आमंत्रण होतं का? लेखी?"

मी टेबलावरच्या पत्राची कड सरळ केली.

"हा तुमचा लॉर्ड चौतीस वर्षं रजेवर होता आणि नाव कायम. या पोरीचे आठ आठवडे होतात. आता तिला विचारा, हे पत्र तिला द्यायचंय की परत घ्यायचंय. परिपत्रकात राजीनामा देऊन गेलेल्या बायका म्हटलंय. न दिलेल्यांबद्दल काही म्हटलेलं नाही." मग खालमानेनं पानं चाळत म्हणाले, "इतिहास चांगला उतरलाय. फक्त टिस्डलवर दीड पान जास्त आहे."

"ते मी कापणार नाही, साहेब."

"नका कापू."

दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी हाक मारली. "मिस गिलफॉइल. मला जूनमध्येच दिसलं होतं ते. त्या फाईलच्या फितीतून कोपरा बाहेर आला होता. नवीन पांढरा कागद, जुन्यांत उठून दिसतो."

डर्व्हलाला तार केली. शब्द मोजून लिहायची सवय, तरी चार जास्त गेले.

मंगळवार, ७ ऑगस्ट

तारेला उत्तर आलं : "परत घेते. सोमवारी येते. सासूबाई म्हणतात जा."

कारखान्याला तिनं होकार दिलेला नव्हता.

बर्नीनं तार दोनदा वाचली. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारेल. तिनं ओव्हनमधून सोडा ब्रेड काढला, मोठा तुकडा कापून माझ्या ताटात ठेवला आणि लोणी लावून दिलं, मी लहान असल्यासारखं. लहान ती आहे.

सोमवार, १३ ऑगस्ट

डर्व्हला नऊला पाच मिनिटं कमी असताना आली. थोडी वाळली आहे. अंगठीचा हात तिनं कोटाच्या खिशात घातला होता, इथल्या जुन्या धाकानं. पूर्वी लपूनछपून लग्न केलेल्या मुली अंगठी दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या. मी म्हटलं, "हात बाहेर काढ. टाइप कसा करशील?"

पत्र तिला परत दिलं. तिनं ते दुमडलं, उलगडलं. "मिस गिलफॉइल, तुम्ही हे..."

"ट्रेमध्ये नऊ आठवड्यांचं काम पडलंय. बघ आधी."

हजेरीपत्रकात "मिस" छापलेलं असतं. पट्टी धरून ते खोडलं आणि वर "मिसेस रुआन" लिहिलं. सगळ्या मुली मान वाकवून पाहत होत्या, जणू मी काहीतरी चित्र काढतेय.

अकराला फोन वाजला. टेलिफोनवरची मुलगी सवयीप्रमाणे म्हणाली, "मिसेस रुआन? नाही हो, चुकीचा नंबर लागलाय. आमच्याकडे मिसेस कुणी नसतात."

मी उठून तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. तिकडून दमलेला, धापा टाकणारा आवाज : डोनलची आई. पोस्टापर्यंत चालत आली होती, काठी टेकत, दोनदा बसत. सून वेळेवर पोचली का, एवढंच विचारायला.

"पोचल्या आहेत," मी म्हटलं. "कामावर आहेत. थांबा, बोलावते त्यांना."